आबा सगळ्यांत आधी मरतात

आमचे आबा खेळात सगळ्यांत आधी मरायचे. आणि मुद्दाम मरायचे.

ज्यांनी हा मोबाईलवरचा खेळ कधी पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. पुष्कळशी माणसं विमानातून एका बेटावर उड्या टाकतात, हाताला लागेल ते हत्यार उचलतात आणि एकमेकांवर गोळ्या झाडत सुटतात. चौघाचौघांची टोळी असते. जी टोळी शेवटपर्यंत टिकते ती जिंकली. कानात हेडफोन घातला की चौघांना आपापसांत बोलता येतं, आणि मेलेला गडीसुद्धा खेळ संपेपर्यंत इतरांचं बघत, बोलत बसू शकतो. अख्ख्या खेळातला हा एवढाच नियम आबांनी मनापासून आत्मसात केला होता.

खाली उतरले की आबा रिकाम्या हातांनी समोर दिसेल त्या शत्रूकडे चालत जायचे. "या पाव्हणं," म्हणायचे. पाव्हणा गोळी घालायचा. आबा आडवे व्हायचे आणि आमच्या कानात समाधानाचा एक लांब सुस्कारा यायचा.

"हां. आता निवांत. बोला, काय इशेष?"

आम्ही तिघं तेव्हा कुठल्यातरी पडक्या भिंतीआड जीव मुठीत धरून बसलेलो असायचो.

आम्ही तिघं म्हणजे उमेश, संतोष आणि मी. उमेश वेल्ह्याचा. तहसील कचेरीसमोर त्याचं झेरॉक्सचं दुकान आहे. तो आमचा कॅप्टन, आणि दुकानापेक्षा खेळात जास्त वक्तशीर. संतोष कामथडीचा, भाजीचा टेम्पो चालवतो. मी भोरला एका वकिलांकडे टायपिंग करते. आबा शिवऱ्याचे, साठी ओलांडलेले. थोडी शेती आणि दोन म्हशी. संतोष त्यांच्या रानातली मेथी-कोथिंबीर उचलायचा. एकदा चौथा गडी कमी पडला तेव्हा तो म्हणाला, "आबा, नुसतं येऊन उभं राहा." आबांना उभं राहणंही फार वाटलं असावं. ते आले आणि पडले, ते कायमचेच.

संतोष सोडला तर आबांना कुणी पाहिलं नव्हतं. उमेशला आणि मलाही एकमेकांची तोंडं माहीत नव्हती. पण कुणाच्या घरी आज काय शिजलंय ते चौघांनाही माहीत असायचं. तो आबांचा आग्रहच होता.

"ताई, आज भाजी काय?"

"आबा, थांबा जरा, मागून गाडी येतेय."

"यिऊं द्या की. भाजी काय केली?"

"गवार."

"कूट घातलं का नुसतीच परतली?"

मी उत्तर द्यायला जावं आणि त्या गाडीने मला चिरडून पुढे जावं, असं किती वेळा झालं असेल. आई आतल्या खोलीतून ऐकत असायची. मी पक्षकारांशी बोलते अशी तिची समजूत. एकदा तिने विचारलंच, "अगं, गवारीची एवढी चौकशी करणारे हे पक्षकार कोण?"

मेल्यावर आबा बेटाची पाहणी करायचे. त्यांनी तिथल्या जागांना नावं दिली होती. पुलाला सारोळ्याचा पूल, उंच डोंगराला तोरणा. "उमेश, तोरण्याच्या अंगानं दोघं पळत्यात बघ," म्हणायचे, आणि खरंच दोघं पळत असायचे. पण लगेच पुढे, "एवढी जमीन पडीक हाय रं! पानी हाय, रस्ता हाय, घरं बी बांधलेली. येका वाफ्यात कुनी कांदा लावंना. नुस्ती मारामारी." ही हळहळ दर खेळात नव्याने व्हायची.

उमेश जाम वैतागायचा. तिघांच्या बळावर चौघांची टोळी जिंकत नाही. तो कळवळून म्हणायचा, "आबा, आज एकदा तरी बंदूक उचला!"

"उचलंन की लेका. पन ती हातात घेतली की म्हाग बोलाया सुचत न्हाई."

"बोलू नका ना मग!"

 त्यावर आबांकडून हळूच यायचं, "तुजा खोकला कालच्यापरीस ओला झालाय. अडुळशाचा काढा घे."

शेवटी उमेशचा धीर सुटला. नसरापूरचा एक तरबेज खेळाडू त्याने हेरला आणि आबांच्या जागी त्याला घ्यायचं ठरवलं. आबांना हे सांगायचं काम माझ्यावर आलं, कारण मी वकिलांकडे होते आणि मला गोड शब्दांत नोटीस देता येत असावी असा त्याचा अंदाज.  मी दिवसभर ऑफिसात वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळेना.

त्या संध्याकाळी आबा उशिरा आले. बेटावर उतरले आणि उतरले तिथेच उभे राहिले. पाव्हण्यांकडे गेले नाहीत. आवाज बारीक झालेला.

"मंडळी, आमची चंद्री अडलीया. दुपारधरनं कळा देतीया, पन काय व्हईना. गुरांचा डॉक्टर मार्गासनीला गेलाय, त्येची गाडी बंद पडलीया म्हनं. म्या मोबाईल गव्हाणीवर ठिवतो. तुमी आपलं खेळा. नुस्ता आवाज असू द्या तुमचा."

आणि मग आम्हाला गोठा ऐकू यायला लागला. म्हशीचं जड श्वास टाकणं, साखळीचा खुळखुळाट, आणि मधूनच आबा, "चंद्रे, माजी बाय, जरा जोर कर. हाय म्या हितं. कुटं जात न्हाई."

संतोष म्हणाला, "मी टेम्पो काढतो. डॉक्टरला उचलून आणतो." तो गेला. त्याचा खेळातला गडी रस्त्याच्या मधोमध खांबासारखा उभा राहिला.

"उमेश," मी म्हटलं, "समोरून चौघं येतायत."

उमेशने आजवर असा हुकूम कधी दिला नव्हता. तो म्हणाला, "गोळी झाडू नका. आवाजात आवाज मिसळतो. आबांना नीट ऐकू येत नाही, आपल्यालाही येत नाही." आणि आमचा कॅप्टन बंदूक पाठीला लावून, उघड्या माळावर उभ्या असलेल्या आबांच्या पुढ्यात जाऊन उभा राहिला. पहिली गोळी त्याने खाल्ली. दुसरी मी. मरून पडलो, खेळ संपला तरी टोळीतून कुणी बाहेर पडलं नाही, आणि तसेच ऐकत बसलो. उमेश मधूनमधून बोलत राहिला. "आबा, आम्ही आहोत. आबा, संतोष नसरापूरच्या पुढं गेला असेल. आबा, धीर धरा." आईने दोनदा जेवायला हाक मारली. मी हातानेच थांब म्हटलं.

मग टेम्पोचा हॉर्न आला, डॉक्टरांचा आवाज, पाण्याची बादली, धावपळ. बराच वेळ कुणाचं काही कळेना. आणि एकदम, बेटावर कधी ऐकू आला नव्हता असा एक बारीक, ओला, चिरका आवाज.

"पारडी झाली!" आबा ओरडले. "पारडी झाली रं! दोघी बी धड हायत!"

उमेशने नाक शिंकरलं. सर्दी आहे म्हणाला. नसरापूरच्या त्या खेळाडूचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही, आणि माझ्या नोटिशीचीही चौकशी केली नाही.

चिकाचा खरवस खायला यायचंच, असा आबांचा हुकूम होता. लागूनच रविवार आला. मी शिवऱ्याला एसटीतून उतरले तर भाजीच्या टेम्पोला टेकून संतोष एका किरकोळ, गंभीर तरुणाला घेऊन उभा होता. तो उमेश. आवाजावरून मी त्याला चांगला दणकट समजत होते.

आबा दारातच होते. इस्त्रीचा सदरा, टोपी, हात जोडलेले.

"या," ते म्हणाले.

आणि संपलं. पुढे एक शब्द नाही. आम्हाला बसवलं, पाणी दिलं आणि समोर भिंतीला टेकून आपल्याच पायाच्या अंगठ्याकडे बघत बसले. घर झाडूनपुसून लख्ख. खरवसाच्या ताटल्यांना खालची किमतीची चिठ्ठी तशीच चिकटलेली. बहुतेक आमच्यासाठीच आणलेल्या. उमेशने उसनं अवसान आणून विचारलं, "मग आबा, काय विशेष?" आबा लाजून हसले. मी खरवसाची तारीफ केली, आबांनी मान हलवली. इतका बोलका माणूस, त्याची ती गत बघून आमच्याही जिभा टाळ्याला चिकटल्या. भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक तेवढी चालू होती.

"म्हशीस्नी वैरण टाकून येतो," म्हणून आबा उठले आणि मागच्या दाराने गोठ्यात गेले.

आम्ही एकमेकांकडे बघत होतो, तेवढ्यात तिघांचेही मोबाईल एकदम थरथरले. आबा खेळात बोलावत होते. आम्ही मुकाट हेडफोन कानात घातले.

"हां," आबांचा आवाज आला. अगदी नेहमीचा, ऐसपैस. "बोला आता. खरवस गोड झाला का गूळ कमी पडला? ताई, तुमी वाळलेल्या दिसता, आवाजानं जाड वाटत हुता. आन् उमेश, लेका, तू तर पार काडी हाईस की!"

संतोष हसत उठला आणि मागच्या दाराकडे निघाला. उमेशने त्याचा सदरा धरून त्याला खाली बसवलं. "इथूनच बोल," तो म्हणाला.

गोठा मागेच होता. आबांचं बोलणं आधी दारातून यायचं, मग कानात.

"समोर मानूस बसलं की माजं तोंड बंद हुतं. सवय ऱ्हायली न्हाई," ते सांगत होते. "आमची मंडळी पुण्याला लेकाकडं हाय. सुनंचं बाळातपन उरकलं की येती म्हनाली हुती. नातू आता शाळंत जातो. चाललंय, बरं चाललंय तिकडं. रोज फोन लावतो म्या. पन कुकर वाजतो, पोरगं रडतं, ती म्हनती ठेवते, मागनं करते. तिचं बी खरंच हाय, तिला तरी कुटं उसंत." वैरणीची खसखस झाली. "तुमचं बरं हाय. खेळ संपंपातूर तुमच्यात कुनी ठेवते म्हनत न्हाई."

 दारातून आणि कानातून बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज यायला लागला. बाहेर हायवेवरून वेल्ह्याच्या गाडीची वेळ टळून गेली. उमेशने घड्याळाकडे पाहिलं, पण उठला नाही.

मग त्याने घसा साफ केला. "आबा, रात्रीला काय करणार?"

"काय करायचंय एकट्याला? पिठलं टाकीन वाइच."

"चौघांचं टाका," उमेश म्हणाला.

धारेचा आवाज थांबला.  कानात नुसती पारडी कुठेतरी हुंगत होती.

"उमेश," आबा म्हणाले, "फडताळात खालच्या अंगाला बेसनाचा डबा हाय बघ. तेवढं चाळून ठिव. म्या आलोच."