श्रीमंत कापशेराव कुक्कुटाधिपती यांच्या कोपाचे वर्तमान

श्रीअन्नपूर्णा समर्थ. कण टाकणारा आणि कण टिपणारा या उभयतांस नमन असो. शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधी नाम संवत्सर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेस ऐसे नमूद जाहले की, महाराज ज्या हाताने दाणा मिळे त्याच हातावर चाल करून जात, आणि ज्या हाताने दाणा कधी दिला नाही त्या हाताच्या वाटेस जात नसत.

महाराज कोण आणि दौलत कोणती, ते आधी लिहितो. दौलत म्हणजे एका घरामागील परसू, लांबी पंचवीस हात, रुंदी सोळा, भोवती तारेची जाळी हाच कोट, आणि पूर्वेस शेवग्याचे एक झाड, त्याची सावली दोन प्रहरी खुराड्यावर पडे. गादीवर श्रीमंत कापशेराव महाराज, जातीचे सिल्की. या जातीचे पीस पिसासारखे नसते, पिंजलेल्या कापसासारखे असते. कातडे काळे, पायास चार बोटांचे ठायी पाच, आणि उडणे तर मुळीच येत नाही, सबब रयत सांजवेळी दांडीवर चढे तेव्हा महाराज कबिल्यासह भुशात बैठक मारीत. मस्तकी पिसांचा मोठा गोंडा असे, त्यास घरात शिरपेच म्हणत. थोरल्या राणीसाहेब भुरीबाई वर्षातून सात वेळा खुडूक बसत आणि अंडे न मिळाल्यास मिळेल त्यावर बसत; एके वर्षी तीन आठवडे एका कांद्यावर बसल्या, आणि कांद्यास कोंब आला तेव्हा उठल्या. रयत म्हणजे पाच गावरान कोंबड्या, अंगाने थोर आणि चोचीने तिखट. प्रथम त्यांनी सिल्की कबिल्यास फार टोचले, मग तीन आठवडे मध्ये जाळी ठेवून उभय पक्षांस एकमेकांचे दर्शन घडविले, आणि दाण्याच्या जागा दोन केल्या, आणि मग तह जाहला तो आजतागायत टिकला.

हा सर्व बंदोबस्त आईसाहेब कुमुदिनीबाई यांचा. शाळेत भूगोल शिकवीत होत्या, आता निवृत्त. महाराजांवर त्यांची माया ऐसी की दर रविवारी कोमट पाण्याने स्वहस्ते न्हाऊ घालीत, आणि केस वाळविण्याच्या यंत्राने मंद वाऱ्यात सुकवीत, आणि मऊ दाताच्या कंगव्याने शिरपेच विंचरून फुलवीत. यास कारण होते. तालुक्याच्या पशुपक्षी प्रदर्शनात मागील पौषात महाराजांस दुसरा क्रमांक मिळाला, आणि परीक्षकाने शेरा लिहिला की पक्षी उत्तम, शिरपेच तोकडा. तो कागद आईसाहेबांनी वर्षभर पोथीत ठेवला होता. प्रदर्शन पुन्हा पौषात यावयाचे होते.

परंतु महाराज अलीकडे आईसाहेबांच्या हातास चोच मारीत, आणि प्रतिपदेस मारिली ती मनगटावर. आईसाहेबांच्या हृदयाची झडप बदललेली, म्हणोन रक्त पातळ करणारी गोळी रोज चालू. रक्त दोन घटका थांबले नाही. तेव्हा यजमान दिनकरराव, जे पाटबंधारे खात्यात आयुष्य काढून निवृत्त जाहले होते, त्यांनी ओसरीवर सभा भरविली. तेथील बोलणे जैसे जाहले तैसे लिहितो.

दिनकरराव म्हणाले, "अगं कुमुद, डॉक्टर काय म्हणाले होते? नुसतं खरचटलं तरी फोन करा. आणि तू रोज उठून त्याच्यापुढे हात धरतेस!"

"फारसं लागलं नाही हो."

"टॉवेल बघ तो. टॉवेल फारसा दिसतोय की थोडासा? ते काही नाही. अमावास्येपर्यंत ठेव, मग हा वासुदेवाकडे गावी जाणार."

"वासुदेवभावजी पाळतात का कोंबड्या?"

"पाळतात की. रविवारपर्यंत."

आईसाहेब टॉवेल उचलून आत गेल्या. सभेस कळून चुकले की महाराजांच्या आयुष्यास आता एकोणतीस दिवसांची मुदत आहे.

मग मुत्सद्दी मंडळी कारणाच्या शोधास लागली. दिनकररावांचे मत ऐसे की नर वयात आला म्हणजे माजतो आणि उपकार विसरतो. आईसाहेब म्हणाल्या, "हे तुम्ही सांगता?" आणि तो मुद्दा तेथेच राहिला. शेजारच्या अनसूयाकाकू जाळीवरून मेथीच्या काड्या देण्यास येत, त्यांसही मागे चोच बसली होती. त्या म्हणाल्या, "कुमुदवहिनी, त्यानं डूख धरलाय. तुम्ही दर रविवारी साबण लावता, वर ते घों घों यंत्र! आमच्या ह्यांना कुणी असं केलं तर तेसुद्धा चावतील." हे मत बहुतांस पटले, कारण मंडळींच्या आठवणीप्रमाणे न्हाण्याच्या दुसरे दिवशी महाराज विशेष कोपत.

घरात सूनबाई रेवती होत्या, रक्त तपासण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीस. त्यांस कोंबड्यांचा लोभ नव्हता. परसात पाण्याचे भांडे भरून ठेवण्यापुरता संबंध. परंतु आठवणीवरून ठरविलेली गोष्ट त्यांस रुचत नसे. त्यांनी खुराड्याच्या दारास एक कागद टांगला आणि कोणास, कोणत्या वारी, कोणत्या वेळी चोच बसली ते मांडू लागल्या. आईसाहेबांस भट्टीतील भांडी धरावयाचे जाड हातमोजे कोपरापर्यंत चढविले, आणि त्या चिलखतावाचून कोटात जाऊ नये ऐसा निर्बंध केला. तेरा दिवसांत चोची एकोणीस: आईसाहेबांस अठरा, अनसूयाकाकूंस एक, यजमानांस व सूनबाईंस शून्य. सोमवारी व मंगळवारी बहुत, मग उतरत जाऊन शनिवारी एकही नाही.

आईसाहेब कागद पाहून खिन्न जाहल्या. "म्हणजे अनसूयाबाईंचंच खरं. मी न्हाऊ घालते म्हणून राग."

"खरं असेल तर तपासता येईल, आई," सूनबाई म्हणाल्या. "या रविवारी मी न्हाऊ घालते. तुम्ही समोरसुद्धा यायचं नाही. मग सोमवारी मला चावायला हवा."

त्याप्रमाणे पौर्णिमेच्या रविवारी सूनबाईंनी महाराजांस स्नान घातले, आणि त्यात साबण अर्धा महाराजांस व अर्धा सूनबाईंस लागला. सोमवारी महाराजांनी सूनबाईंस काही केले नाही आणि आईसाहेबांच्या मोज्यावर तीन वेळा चाल केली. हे वर्तमान अनसूयाकाकूंस कळले तेव्हा त्या म्हणाल्या, "माणूस ओळखायला चुकला असेल." जी उपपत्ती कोणत्याही निकालाने खोटी पडत नाही, तिजवर अधिक कागद खर्चणे उचित नाही, म्हणोन पुढे जातो.

मंगळवारी सूनबाईंनी रजा घेतली आणि कोटात बादली पालथी घालून तीवर तीन तास बसल्या, आणि कोण कैसा येतो एवढेच पाहिले. यजमान खोकत येत, काठी आपटीत आणि जाळीबाहेरच थांबत. सूनबाई स्वतः एरवी फोनवर मोठ्याने बोलत येत आणि भांडे भुईवर ठेवून परत जात. आईसाहेब मात्र चपला बाहेर काढीत, महाराज दचकू नयेत म्हणोन पावलाचा आवाज होऊ देत नसत, आणि मागून येऊन वाकत, आणि वरून पाठीवर हात ठेवीत. काकूंस चोच बसली तेव्हा त्यांचा हातही जाळीवरून, म्हणजे वरूनच, आला होता.

दुसरे दिवशी सूनबाईंनी मोजा चढविला, चपला काढिल्या, आणि आईसाहेबांप्रमाणेच मागून जाऊन निःशब्द वरून हात नेला. महाराज उसळले आणि मोज्याच्या शिवणीतून अंगठा फोडिला.

"लागलं का गं?" आईसाहेब दारातून ओरडल्या.

"लागलं! छान लागलं! आई, तुम्ही या आता. पाटावर बसा, आधी हाक मारा आणि दाणा खालून द्या."

आईसाहेब पाटावर बसल्या आणि "कापशा, ये रे" म्हणाल्या, आणि तळहात भुईलगत धरिला. महाराज आले आणि शेवटल्या कणापर्यंत मोज्यावरून दाणा टिपला, आणि कोप केला नाही. मग सूनबाईंनी मऊ रबराच्या बारीक कड्याने शिरपेच वर बांधिला आणि वरून हात नेला, चोच नाही. कडे सोडिले; चोच. पुन्हा बांधिले; नाही. ऐसे सहा वेळा आलटून पालटून केले आणि सहाही वेळा निकाल एकच आला. शनिवारचा उलगडाही यातच होता, कारण रविवारी फुललेला शिरपेच आठवडाभर धुळीत लोळून शनिवारपर्यंत बाजूस चिकटून बसे.

कारण सापडले आणि उपायही सापडला ऐसे वाटले, तोच भुरीबाई राणीसाहेबांनी महाराजांच्या मस्तकीचे कडे किडा समजून उपटिले आणि गिळावयास घेतले. सूनबाईंनी चोच उघडून अर्धे गेलेले कडे ओढून काढिले. त्यामुळे बांधण्याचा मार्ग बंद जाहला. बाकी राहिली कात्री.

आईसाहेबांनी महाराजांस मांडीवर घेतले आणि म्हणाल्या, "कापलं तर पुन्हा कधी येईल?"

"पुढची पीसगळ होईपर्यंत नाही. म्हणजे भाद्रपद, आश्विन."

"प्रदर्शन पौषात आहे."

"हो."

"तोकडा म्हणाले होते गेल्या वर्षी. तोकडा! वर्षभर वाढवला मी." आणि मग, "दुसरा काही उपाय?"

"आहे. रोज खालून हात द्यायचा आणि रोज हाक मारून जायचं. एकदा जरी विसरलात तरी पुन्हा टॉवेल. बाबा अमावास्येची वाट बघतायत."

आईसाहेब बोटांनी शिरपेच फुलवीत राहिल्या. सूनबाई हलकेच म्हणाल्या, "तुम्हीच कापायला हवं असं नाही. मी कापते."

"तुला नाही कळणार कुठलं पीस जून आणि कुठलं कोवळं. कोवळ्या पिसाच्या देठात रक्त असतं. तू धर त्याला, कात्री माझ्याकडे दे."

वद्य चतुर्थीस, सकाळच्या पहिल्या प्रहरी, महाराज सूनबाईंच्या मांडीवर प्रथमच बसले आणि आईसाहेबांनी डोळ्यांवरील सुकी पिसे एकेक वेचून कापिली, निळसर देठाची तशीच ठेविली. कापलेली पिसे हातरुमालात पडत होती आणि आईसाहेब त्यांकडे पाहत नव्हत्या. काम संपले तेव्हा महाराजांस भुईवर सोडिले. आईसाहेबांनी मोजा काढिला.

"आई, मोजा घाला."

"नको."

"आई, गोळी चालू आहे तुमची. ऐका माझं."

"तुझा कागद खरा की खोटा?"

"खरा."

"मग झालं तर."

आणि त्या अनवाणी मागून गेल्या आणि वाकल्या, आणि उघडा हात वरून खाली नेला. महाराजांनी मान वाकडी करून एका डोळ्याने हाताकडे पाहिले आणि हात पाठीवर येईतों उभे राहिले, आणि मग पूर्ववत माती उकरू लागले. ओळखले, कृतज्ञता जाहली, ऐसे काही लिहिण्याजोगा पुरावा नाही. पाहिले इतके नक्की. आईसाहेब म्हणाल्या, "बघतोय गं हा माझ्याकडे," आणि पदराने डोळे पुसू लागल्या. सूनबाईंनी कागदावर शून्य मांडिले.

तेथून अमावास्येपर्यंत दिवस अकरा, त्यात न्हाणी दोन, चोच एकही नाही. अमावास्येस यजमानांनी चष्मा लावून कागद दोनदा वाचिला आणि "राहू दे त्याला," इतकेच म्हणाले, आणि गावी फोन करून वासुदेवास दुसरे काही जेवावयास सांगितले. प्रदर्शनाचा अर्ज आईसाहेबांनी स्वतः जाऊन मागे घेतला.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. कारण ऐसे: शिरपेचाची पिसे वाढून महाराजांच्या डोळ्यांवर आली होती, म्हणोन त्यांस पायापुढले दिसे आणि वरचे व मागचे दिसत नसे. न दिसणारी वस्तू अंगावर उतरली म्हणजे कोंबडा भयाने चोच मारितो. ती पिसे आईसाहेबांनी वाढविली होती, आणि त्या दौलतीत रोज आवाज न करिता येऊन वरून हात फिरविणारे माणूस एकच होते.