पहिले शंभर हात

खेमसिंगचा अर्ज साधा होता. तांडा पांढरकवड्याच्या दवाखान्यापासून सात मैल आत, लेक भुरीबाई सातव्या महिन्यात, आणि तिचं पहिलं बाळंतपण बैलबंडीत अडलं होतं. तेव्हा वेळ आली की पंचायत समितीची जीप मिळावी. १९६३ साली एवढं मागायला हरकत नव्हती.

गटविकास अधिकारी सदाशिवरावांना अर्ज पसंत पडला. पण 'जीपच का?' याचं उत्तर फायलीत लागतं, आणि खेमसिंगकडे शंकरपटाच्या शर्यती गाजवलेली बैलजोडी आहे हे त्यांच्या कानावर होतं. तातडीच्या कामी वाहन जागेवरून किती चटकन सुटतं हेच निर्णायक, असा शेरा मारून त्यांनी तुलनात्मक चाचणी लावली. अंतर शंभर हात, कारण कचेरीतली मोजफीत तेवढीच होती.

"मले पट नाही खेळाचा, सायेब," खेमसिंग म्हणाला. "दवाखाना सात मैल हाये."

"पुढचं अंतर अंदाजाने धरू," सदाशिवराव म्हणाले.

चाचणीला निम्मा तालुका लोटला. शिट्टी झाली. ड्रायव्हरने जीपला तिसऱ्यांदा हँडल मारेपर्यंत बैल छकड्यासकट फितीपार गेले होते. खेमसिंगने पटका हवेत उडवला. अर्ज कशाचा होता हे त्या घटकेपुरतं तोही विसरला, आता लपवण्यात काय अर्थ?

अहवाल महिनाभर शिजला. पहिले शंभर हात बैल सरस, पुढे जीप. सबब रुग्णाला शंभर हात बैलांनी न्यावं आणि तिथे जीपमध्ये घालावं. यावर वरिष्ठांनी बिनतोड शंका काढली. तिथे उभी जीपही जागेवरूनच सुटणार, म्हणजे तिचेही पहिले शंभर हात आलेच! शेवटी जीपलाच बैल जुंपायचं ठरलं. जोडी सरकारजमा होऊन कचेरीच्या आवारात बांधली गेली. बैलांना नंबरपाटी मिळाली, लॉगबुक मिळालं, आणि पेट्रोलच्या रकान्यात कडबा लिहायला खास मंजुरीही आली. गोठा रिकामा पाहून खेमसिंगला दोन दिवस भाकर गोड लागली नाही.

भुरीबाईला कळा सुरू झाल्या त्या सकाळी तो सात मैल पळत पांढरकवड्याच्या कचेरीत पोचला. जीप नव्हती, बैलही नव्हते. दोन्ही एका ट्रकात घालून मारेगावला प्रात्यक्षिकासाठी नेले होते. कारकून म्हणाला, आठ दिवस आधी कळवायला हवं होतं.

"लेकराले कोन सांगते, बाबू?" म्हणत खेमसिंग उलट पळत सुटला. वाटेत नाल्यापाशी तांड्यातली चार माणसं दिसली, भुरीबाईला खाटेवर घालून निघालेली. खाट रेतीत टेकवली होती. मूल तिथेच झालं होतं. खेमसिंग मटकन खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

पंधरवड्याने सदाशिवराव स्वतः तांड्यावर आले, हातात स्टॉपवॉच. माणूस कामाचा फार चोख.

"खाटेने पहिले शंभर हात किती वेळात कापले?"

"थे नाही मोजलं, सायेब. पन दोघी बी जित्या हायेत."

'माहिती उपलब्ध नाही' असं लिहून साहेबांनी वही मिटली. त्यांना हसू नका. खेमसिंग रेतीत बसून रडत होता, तेव्हा बाळ-बाळंतीण कशी आहेत हे न विचारताच तुम्हीही पुढे वाचत आलात. बैल जिंकले, एवढं मात्र तुमच्या पक्कं लक्षात आहे.