विमलअक्कांचा फिरती कार्यक्रम

यंदा संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी विमलअक्का पारोळ्याच्या किल्ल्यासमोरून पायी निघाल्या. वय सदुसष्ट. पाठीवर नऊ किलो. जायचं होतं शिरपूर तालुक्यातल्या सातपुड्यातल्या एका पाड्यावर. अंतर आडवाटांनी दीडशे किलोमीटरच्या आसपास, मुदत दहा दिवस. तयारीला चार वर्षं लागली होती. त्यातली दोन वर्षं कार्यक्रम मंजुरीत अडकला होता.

मंजुरीचं आधी सांगायला हवं. अक्का एकतीस वर्षं आरोग्यसेविका होत्या. पहिलं उपकेंद्र पारोळ्याजवळ, दुसरं सोनगीरकडे, शेवटची नऊ वर्षं सातपुड्यात. महिना संपण्याआधी पुढच्या महिन्याचा फिरती कार्यक्रम लिहायचा, म्हणजे कोणत्या तारखेला कोणतं गाव, मुक्काम कुठे, प्रयोजन काय, आणि तो मंजूर करून घ्यायचा, ही त्या नोकरीची रीत. अक्का निवृत्त झाल्या तरी रीत थांबली नाही. धुळ्यात देवपुरात आमच्या कॉलनीत त्या तळमजल्यावर राहतात, मी त्यांच्या डोक्यावर. त्यांच्या दाराला आतून महिन्याचा कार्यक्रम चिकटवलेला असतो. मंगळवार, भाजी बाजार. गुरुवार, लळिंग किल्ला. शनिवार, बँक, प्रयोजन पासबुक. एकदा मी त्यांना बुधवारी नाट्यगृहाच्या रस्त्यावर पाहिलं आणि सहज विचारलं, तर त्यांनी दुरुस्तीचा कागद दाखवला. बुधवारची फिरती आदल्या संध्याकाळी बदलली होती, खाली सही होती.

सही समोरच्या घरातल्या हिंमतआबांची. आबा एका सरकारी कचेरीत हेड क्लार्क होते. ते आयुष्यभर दुसऱ्यांचे कार्यक्रम तपासत आले आणि निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तपासायला काही उरलं नव्हतं. अक्कांना मंजुरी देणारं कुणी नव्हतं. दोघांची सोय झाली. रोज संध्याकाळी पाच वाजता आबांच्या ओट्यावर चहा होतो आणि कागद पुढे सरकतो.

चार वर्षांपूर्वी अक्कांनी या ओट्यावर दहा दिवसांचा कार्यक्रम ठेवला. नोकरी केली ती तिन्ही उपकेंद्रं, नेमणुकीच्या क्रमाने, पायी. आबांनी तो दोनदा वाचला आणि म्हणाले, बाई, हे हिंडणं झालं. अक्कांचं उत्तर कॉलनीत अजून म्हणून दाखवलं जातं.

"आबा, हिंडनं येगळं, फिरती येगळी शे."

मग तयारी सुरू झाली. वाट तीन प्रकारच्या जमिनीतून जाणार होती: पारोळ्याची काळी माती, तापीकाठचा गाळ आणि वाळू, शेवटी सातपुड्याचा चढ. अक्कांनी तिन्हींचा वेगळा अभ्यास ठेवला. लळिंगला त्या पाठीवर नऊ किलो ज्वारी घेऊन चढत. उतरताना तीच ज्वारी वाटेतल्या गिरणीत टाकत आणि पीठ घेऊन घरी येत. गिरणीवाल्याने एकदा विचारलं, अक्का, ज्वारी गडावर पिकते का. अक्का म्हणाल्या, नाही, पण वर जाऊन आली की भाकरी मऊ होते. तेव्हापासून गिरणीत दोन-तीन बायका गुरुवारचं पीठ मागतात, असं गिरणीवाला सांगतो. याची मी खातरजमा केलेली नाही.

काळ्या मातीसाठी त्यांनी फागण्याच्या एका ओळखीच्या शेतकऱ्याचं कपाशीचं रान धरलं. पाणी भरलं की त्याने फोन करायचा आणि अक्कांनी जाऊन बांधापासून बांधापर्यंत चालायचं. ओल्या काळ्या मातीत पावलागणिक बुटाला चिखलाचा थर चढतो आणि शंभर पावलांवर प्रत्येक पाय दोन किलोचा होतो. शेतकऱ्याच्या आईने पहिल्या दिवशी बांधावरून विचारलं, ही बाई काय हरवलंय म्हणून फिरते. दुसऱ्या खेपेला तिने विचारणं सोडलं आणि चहा ठेवला. वाळूसाठी उन्हाळ्यात पांझरेचं कोरडं पात्र होतं.

बुटांचं प्रकरण लग्नांतून गाजलं. नवे बूट चावतात, ते आधी शंभर तास घालायला हवेत, असा अक्कांचा हिशोब. त्या दोन हिवाळ्यांत त्यांच्या नात्यागोत्यात सात लग्नं झाली. सातही लग्नांच्या फोटोंत अक्का पैठणी आणि कॅनव्हासच्या बुटांत आहेत. एका लग्नात वरमायने हळूच सांगितलं की मांडवात बूट बरे दिसत नाहीत. अक्कांनी घड्याळ पाहून सांगितलं की अजून अकरा तास बाकी आहेत.

शिदोरीची चाचणी आबांच्या ओट्यावर झाली. वाटेत दुकान नसलेले दोन टप्पे होते, त्यासाठी दशम्या. दुधात भिजवलेल्या पिठाची ही भाकरी आमच्याकडे प्रवासाला नेतात, पण किती दिवस टिकते यावर घरोघरी मतभेद आहेत. अक्कांनी वीस दशम्या केल्या, फडक्यात बांधल्या आणि आबांना, मला आणि स्वतःला रोज एकेक वाढली. सोबत ठेचा. नोंद आबांनी ठेवली. चौथ्या दिवसाची नोंद: "चव शाबूत." पाचव्या दिवसाची: "चव शाबूत, दाताबाबत खुलासा नाही." सहाव्या दिवशी मी बाहेरगावी होतो. हे कारण खरं होतं, पण अक्कांनी ते मान्य केल्याचं आठवत नाही.

दोन वर्षांत तयारी पुरी झाली आणि कार्यक्रम आबांच्या कपाटात गेला. तिथून तो त्रुटी घेऊन परत येऊ लागला. आबा त्रुटी निळ्या शाईने, क्रमांक घालून लिहीत. तापीचा पूल कोणत्या वेळी पार करणार, महामार्गावर ट्रकची वर्दळ पाहता वेळ नमूद करावी. अक्कांनी पहाटे जाऊन दोन तास ट्रक मोजले आणि वेळ नमूद केली. सोनगीरला मुक्काम कुणाकडे. अक्कांनी पत्ता लिहिला. तिसऱ्या दिवशी धुळ्यात स्वतःच्या घरी मुक्काम दाखवला आहे, परंतु राहतं गाव हे मुख्यालय आणि मुख्यालयात फिरतीचा मुक्काम धरता येत नाही. ही त्रुटी वाचून मी हसलो. अक्का हसल्या नाहीत. नियम बरोबर होता. त्यांनी धुळ्याचा मुक्काम खोडून पुढे नगावला नेला.

कॉलनीला गंमत मिळाली. सकाळी दूध घेताना कुणी ना कुणी विचारायचं, अक्का, निघाल्या नाहीत का अजून. कुणी म्हणायचं, अक्का पोचेपर्यंत पाड्याचं शहर होईल. अक्का दुधाची पिशवी घेत आणि ठरलेलं उत्तर देत, "मंजूर व्हवू द्या." त्यांच्या उजव्या गुडघ्याबद्दल डॉक्टरांनी सांगितलं होतं की आणखी दोन हिवाळे निघतील, मग शस्त्रक्रिया, आणि नंतर डोंगर विसरायचा. हे कॉलनीत फक्त आबांना आणि मला माहीत होतं. त्यातला एक हिवाळा त्रुटींत गेला. पुण्याहून मुलगा फोनवर म्हणायचा, आई, गाडी करून देतो, पाड्यापर्यंत आता डांबरी रस्ता आहे, दिवसातून दोन बसही जातात, सकाळी जा, संध्याकाळी ये. तो चुकीचं सांगत नव्हता.

शेवटची त्रुटी गेल्या दिवाळीनंतर आली. दहाव्या दिवसासमोरचा प्रयोजनाचा रकाना अक्कांनी पहिल्यापासून कोरा ठेवला होता. आबांनी आधी तो सोडून दिला होता, आता त्यावर बोट ठेवलं. चहा व्हायचा होता. अक्कांनी आबांचाच पेन घेतला आणि रकान्यात एक शब्द लिहिला. बसणे.

आबा म्हणाले, असं प्रयोजन फिरतीच्या नियमांत नाही.

तेव्हा अक्कांनी गेंदीबाईबद्दल सांगितलं. गेंदीबाई त्या पाड्यावरची सुईण. नऊ वर्षं दोघींनी बाळंतपणं मिळून केली. पाऊस असो, नाला भरलेला असो, निरोप आला की गेंदीबाई निम्म्या वाटेपर्यंत घ्यायला येई. काम झालं की दर वेळी खाट टाकी आणि बस म्हणे. दर वेळी अक्कांना पुढचा पाडा असे, त्या उभ्यानेच पाणी पीत आणि पुढच्या खेपेला बसते म्हणत. निवृत्तीचा दिवस आला तेव्हा न्यायला जीप उभी होती. तेव्हाही त्या हेच म्हणाल्या. पाठोपाठ नवऱ्याचं आजारपण आलं आणि ते गेले. पुढची खेप झाली नाही.

मी विचारलं, मग बसने आलेला माणूस बसत नाही का.

"भाऊ, गाडीवर उनेल मानूसना पाय गाडीकडेच ऱ्हातस," अक्का म्हणाल्या. "पायी उनेल मानूसले लोके बठ म्हंतस."

आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर निळ्या शाईने आणखी एक ओळ लिहिली. संबंधित व्यक्ती हयात असल्याची खात्री केली आहे काय. अक्कांनी ती वाचली. कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. चार वर्षांत त्यांनी ट्रक मोजले होते, दशम्या मोजल्या होत्या, बुटांचे तास मोजले होते. शिरपूर भागात त्यांच्या ओळखीच्या किमान सहा आरोग्यसेविका होत्या, प्रत्येकीकडे फोन होता. हे त्यांनी एकीलाही विचारलं नव्हतं.

"माले नई इचारनं कोनले," त्या म्हणाल्या. "ती नई शे, आसं कोनी सांगं ते मी चालसू कशी?"

त्या दिवशी त्या चहा न घेता गेल्या. माझ्या माहितीत हे पहिल्यांदा घडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा जिना चढून माझ्याकडे आले. त्यांना दम्यामुळे जिने वर्ज्य आहेत. बसले, श्वास घेतला, म्हणाले, तुम्ही बातमीवाले, माणूस आहे की नाही एवढं तुम्हाला काढता येतं. मी शिरपूरच्या आमच्या बातमीदाराला फोन केला. त्याने पाड्यावरच्या आशाताईचा, म्हणजे तिथल्या आरोग्य कार्यकर्तीचा, नंबर मिळवला. तिसऱ्या दिवशी आशाताईने कळवलं की गेंदीबाई आहे, एका डोळ्याने दिसत नाही, घर तेच आहे, ती रोज दाराशी बसते. अक्कांबद्दल तिला काहीही सांगू नका, एवढं मी आशाताईला सांगितलं. आबांनी माझ्यासमोर कागदावर लिहिलं: "मान्य. मुक्काम आवश्यक तेवढा." मग त्यांनी चष्मा काढून पुसला. काच स्वच्छ होती.

संध्याकाळी पाचला तो कागद अक्कांना मिळाला. शेवटच्या त्रुटीचं काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. आबांनी सांगितलं नाही. दोघांनी दोन-दोन कप चहा घेतला. कॉलनीला कळायला एक तास लागला. ज्या लोकांनी दोन वर्षं टोमणे मारले त्यांच्यातल्या एकीने टॉर्च आणून दिला, एकाने शिट्टी दिली, दूधवाल्याने नारळ दिला. नारळाचं वजन सातशे ग्रॅम भरलं म्हणून अक्कांनी तो तिथेच फोडून वाटला. मी चार ओळींची बातमी केली आणि आधी त्यांना दाखवली. "ज्येष्ठ महिलेची पदयात्रा" हे शीर्षक होतं. त्यांनी "पदयात्रा" खोडून "फिरती" लिहिलं, "ज्येष्ठ" खोडून "निवृत्त आरोग्यसेविका" लिहिलं, बाकी मजकुराला हरकत घेतली नाही.

फिरतीच्या तिसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास अक्का पारोळा रस्त्याने धुळ्यात आल्या आणि आमच्या कॉलनीतून गेल्या. वाट तिकडूनच होती. फाटकापासून पाण्याच्या टाकीपर्यंत माणसं उभी होती. मांडवात बुटांवर बोललेली ती वरमायसुद्धा होती आणि शेजारणींना बूट दाखवत होती. अक्का आपल्या घरासमोरून गेल्या, कुलूप ओढून पाहिलं आणि उघडलं नाही. आबा फाटकात कप घेऊन उभे होते. अक्कांनी चहा उभ्याने घेतला. आबा आजूबाजूला जमलेल्यांना सांगत होते की हा आमच्याकडून मंजूर झालेला कार्यक्रम आहे, एकही दिवस मागे नाही. अक्का तशाच पुढे गेल्या आणि साडेपाचला नगावला पोचल्या.

चौथा मुक्काम सोनगीर, पाचवा नरडाणा, सहावा तापीकाठी. सातव्या दिवशी पहाटे नमूद केलेल्या वेळी त्यांनी पूल ओलांडला. आठव्या दिवशी गुडघा सुजला, त्यांनी पट्टी बांधली आणि तीन तास उशिरा निघाल्या. नवव्या दिवशी डोंगर लागला आणि फोन लागेनासा झाला. त्या संध्याकाळी पाच वाजता ओट्यावर आबा आणि मी दोघेच होतो. आबांनी मला दोनदा वेळ विचारली. घड्याळ त्यांच्या हातात होतं.

दहाव्या दिवशी सकाळी नऊ वाजून वीस मिनिटांनी आशाताईचा फोन आला. अक्का पोचल्या होत्या. गेंदीबाईने आवाजावरून ओळखलं. गाडी कुठे उभी केली, असं तिने विचारलं. अक्का म्हणाल्या, गाडी नाही. गेंदीबाईने वाकून त्यांच्या बुटांना हात लावला, माती बोटांत चोळून पाहिली आणि सुनेला खाट बाहेर टाकायला सांगितली. मी हे फोनवर लिहून घेतलं आणि आबांना जसंच्या तसं वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा वाचायला लावलं.

पावणेपाच वाजता आशाताईने परत फोन केला. परतीची शेवटची बस पाड्यावर आली होती, तिने ड्रायव्हरला थोडं थांबायला सांगितलं होतं आणि अक्कांना विचारून आली होती. अक्कांनी बस जाऊ द्यायला सांगितलं.

बस पाच वाजून दहा मिनिटांनी सुटली. अक्का तिच्यात नव्हत्या.