पहिल्या प्रकरणाची झोप

बाळाच्या नाकाखाली बोट धरून श्वास चालू आहे ना हे बघायची सवय ताईला बाळ चार दिवसांचं असताना लागली, ती बाळ आठ महिन्यांचं झालं तरी सुटली नव्हती. दर दहा मिनिटांनी ती पाळण्याशी जायची, वाकायची, बोट धरायची. बाळ जागं व्हायचं, बोटाकडे बघायचं आणि भोकाड पसरायचं. मग ताईचा जीव भांड्यात पडायचा. रडतंय म्हणजे ठीक आहे.

"झोपलेल्याला उठवून झोपलास का विचारणारी तू पहिलीच," सासूबाई म्हणायच्या.

तिला ताई म्हणायची ती घरात राहायला आलेली पाहुणी. परदेशातून एका सत्रासाठी शिकायला आलेली मुलगी. नाकावर घसरता चष्मा, पायात दोन रंगांचे मोजे. घरातली मागची खोली खरं तर बाळासाठी रंगवलेली, भिंतीवर हत्तीसुद्धा काढलेले. पण बाळ दुसऱ्या खोलीत झोपणार ही कल्पनाच ताईला सोसेना, तेव्हा ती खोली रिकामी पडली. बाळाच्या बाबांनी कॉलेजातली जाहिरात वाचून ती पाहुणीला देऊन टाकली. आता हत्तींखाली पाहुणी झोपायची, आणि सकाळी उठून त्यांच्याकडे बघत दात घासायची.

पाहुणीचा विषय होता नद्यांचा गाळ. परीक्षा तोंडी आणि इथल्या भाषेत. म्हणून कॉलेजनं नियम घातला होता, की रोज अर्धा तास तिनं घरच्या कुणासमोर पाठ्यपुस्तक मोठ्यानं वाचायचं आणि ऐकणाऱ्यानं तक्त्यावर तारीख, प्रकरण आणि सही टाकायची. तक्ता फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली लावलेला होता. ऐकणारी अर्थातच ताई.

वाचन दुपारी अडीचला. पडदे ओढलेले, पडद्यांमधून गाळून आलेलं पिवळट ऊन फरशीवर पसरलेलं, पाळण्याची दोरी ताईच्या हातात. पाहुणी पुस्तक उघडायची आणि एकसारख्या, कुठंच न अडखळणाऱ्या आवाजात सुरू करायची.

"वाहतं पाणी रुंद जागी आलं की त्याचा वेग कमी होतो. वेग कमी झाला की आधी जड कण तळाशी बसतात. मग मध्यम. मग हलके. सर्वांत हलके कण बराच काळ पाण्यात तरंगत राहतात. त्यांना घाई नसते."

शेवटचं वाक्य पुस्तकात होतं की आपल्याला स्वप्नात ऐकू आलं, हे ताईला कधीच नक्की सांगता आलं नसतं. कारण तोवर तिच्या हातातली दोरी सैल पडलेली असायची आणि ती स्वतः तळाशी जाऊन बसलेली असायची. आधी पाय, मग पाठ, मग डोकं. आठ महिन्यांत मिळाली नव्हती अशी झोप. वरून कुठूनतरी उजेड हलत असायचा आणि कुणीतरी लांबवर बोलत असायचं. जाग यायची तेव्हा तीन वाजलेले, पाहुणी पुस्तक मिटत असलेली आणि बाळ पाळण्यात गप्प.

"झोपला ना गं?" ती विचारायची.

"छान होता," पाहुणी सांगायची.

म्हणजे हिच्या वाचनानं बाळ झोपतं. ताईनं मनोमन तिला दुवा दिला आणि तक्त्यावर आपण ऐकलं होतं तेवढं प्रामाणिकपणे लिहिलं. प्रकरण पहिलं. सही. दुसऱ्या दिवशीही तेच. आठवड्यानंतर तर 'प्रकरण पहिलं' लिहायचाही कंटाळा येऊन तिनं खाली नुसत्या वरीलप्रमाणेच्या दोन रेघा मारायला सुरुवात केली.

अशा एक्केचाळीस दिवसांच्या रेघा कॉलेजात गेल्या, आणि तिथून पत्र आलं. विद्यार्थिनी दीड महिना पहिल्याच प्रकरणावर असल्याचं दिसतं, गुरुवारी दुपारी अडीचला समन्वयक बाई तपासणीला येतील, प्रगती समाधानकारक नसल्यास विद्यार्थिनीची व्यवस्था दुसऱ्या घरी करून वाचन पहिल्यापासून सुरू करण्यात येईल. म्हणजे या सत्राची परीक्षा बुडाली. म्हणजे पोरगी समुद्र ओलांडून आली ती ताईच्या दुपारच्या झोपेसाठी.

ताईनं पत्र डाळीच्या डब्यामागं लपवलं आणि नवऱ्याला गाठलं.

"मग सरळ सांग बाईंना, रोज माझा डोळा लागत होता म्हणून," तो म्हणाला.

"आणि झोपेत सह्या कशा केल्या असं विचारलं तर?"

तो वर्तमानपत्रामागं गेला.

तिनं पाहुणीला आडून विचारलं, अभ्यास कुठवर आलाय. चाललंय, असं पाहुणी हसून म्हणाली. ताईनं ओळखलं, बिचारी सभ्यपणानं बोलतेय. मग तिनं ठरवलं की निदान गुरुवारपर्यंत आपण जागं राहायचं आणि हिच्याकडून पुढची प्रकरणं करून घ्यायची. सोमवारी ती तोंडावर पाणी मारून, भिंतीला पाठ न टेकता उभी राहिली. पाहुणीनं चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि पहिलं पान वाचलं. संपल्यावर पुन्हा ताईकडे बघितलं. मग परत पहिलं पान. अर्ध्या तासात अकरा वेळा. मंगळवारी ताईनं स्वतःला चिमटे काढले, बारा वेळा. बुधवारी ती खोलीत येरझाऱ्या घालत राहिली आणि मधे चार वेळा बाळाचा श्वास बघून आली. बाळ चारही वेळा रडलं आणि तरीही पाहुणी पहिल्या पानाच्या पुढं सरकली नाही.

आता तिची खात्री पटली. या मुलीला पहिल्या पानापलीकडे काही येत नाही, आणि ते आपल्यामुळं.

गुरुवारी बाई आल्या. कडक इस्त्रीची बाई, हातात फाइल, कपाळावर आठी. बाई सहज भेटायला येणार आहेत, एवढंच ताईनं पाहुणीला सांगितलं होतं. सासूबाईंनी आपली आरामखुर्ची बाईंना दिली आणि स्वतः पलंगावर बसल्या. ताई पाळण्याशी. पाहुणीनं ताईच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं नीट बघितली आणि पुस्तक उघडलं.

"वाहतं पाणी रुंद जागी आलं की..."

पहिल्यांदा वाचून झालं तेव्हा बाई लिहीत होत्या. दुसऱ्यांदा झालं तेव्हा सासूबाई आडव्या झाल्या. तिसऱ्यांदा हलके कण तरंगायला लागले आणि बाईंचं पेन गळून फाइलवर आलं. कपाळावरची आठी अलगद उलगडली. चौथ्यांदा पहिलं पान सुरू झालं तेव्हा मात्र ताईला बघवेना. आता बाई जाग्या होतील, पोरीचं सामान बांधायला लागेल, हत्तींची खोली रिकामी होईल. तिनं डोळे मिटून घेतले आणि मान खाली घातली.

पान उलटल्याचा आवाज आला. एक नाही, पुष्कळ पानं एकदम.

"प्रकरण नववं," पाहुणी हळूच म्हणाली. आवाज तोच, पण आता त्याला गती होती. "गेल्या आठवड्यात आपण कुठं होतो? त्रिभुज प्रदेशापाशी. नदी समुद्राला मिळताना आपला गाळ कुठं ठेवते, सांग बघू."

"अं," कुणीतरी म्हणालं.

ताईनं एक डोळा किलकिला केला. बाळ टक्क जागं होतं. दोन्ही पाय दोन्ही हातांत धरून ते उताणं पडलं होतं आणि पाहुणीनं पान उलटलं की पानाबरोबर मान वळवत होतं. रडत नव्हतं, कंटाळत नव्हतं. जुन्या विद्यार्थ्यासारखं ऐकत होतं. ताईचं बोट सवयीनं उचललं गेलं, पाळण्याच्या काठापर्यंत गेलं, आणि तिथंच थांबलं.

अख्खं नववं प्रकरण तिनं डोळे मिटून ऐकलं.

तीन वाजता फाइल पडली आणि बाई सावरून बसल्या. उच्चार स्पष्ट आहेत, असं म्हणून त्यांनी घसा साफ केला. ताई म्हणाली, बाई, तिला नवव्यातलं काहीतरी विचारा. बाईंनी विचारलं. मग सातव्यातलं, मग पाचव्यातलं. पाहुणी न थांबता सांगत गेली. बाईंनी तक्ता पुढं ओढला.

"मग या रेघा कुणी मारल्यात?"

"मी," ताई म्हणाली. "मला रोज पहिलंच ऐकू यायचं."

बाईंनी पेन उचललं. "मलाही," त्या म्हणाल्या. आणि रेघा खोडून त्यांनी स्वतःच्या हातानं 'एक ते नऊ, समाधानकारक' असं लिहिलं. दारापर्यंत जाऊन त्या परत वळल्या. अशा प्रकरणात एक तपासणी पुरेशी होत नाही, पुढच्या गुरुवारी यावं लागेल, असं त्यांनी सांगितलं. "खुर्ची मात्र तीच असू दे."

बाई गेल्यावर ताईनं पाहुणीला समोर बसवलं.

"मला सांगितलं का नाहीस?"

"दुसऱ्या आठवड्यात मी दुसरं प्रकरण मध्येच सुरू केलं," पाहुणी एकेक शब्द नीट मांडत म्हणाली. "वाचन बदललं म्हणून तुम्ही दचकून उठलात. याच्या नाकाखाली बोट धरलंत. तो मजेत होता, बोट बघून रडला. मग मी ठरवलं. तुम्हाला झोप लागेपर्यंत पहिलं पान. नंतर आमचा अभ्यास."

"म्हणजे तो एकदाही झोपला नाही?"

"सहाव्या प्रकरणात थोडा," पाहुणी म्हणाली. "ते सगळ्यांनाच जड जातं."

पलंगावर सासूबाईंची पाठ हसण्यानं हलत होती.

"आणि ते 'त्यांना घाई नसते', ते कितव्या ओळीत आहे?"

पाहुणीनं पान काढून बोटानं ओळी तपासल्या, दोनदा. तसं वाक्य पुस्तकात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी अडीच वाजता पडदे ओढले गेले. तक्त्यावर ताईनं आधीच 'प्रकरण दहावं' लिहून ठेवलं होतं. ती पाळण्याशेजारी सरळ उशी घेऊनच आडवी झाली. बाळ पाय हातात धरून तयार होतं.

"कुठून वाचू?" पाहुणीनं विचारलं.

"माझ्यासाठी पहिल्यापासून," ताई म्हणाली.

जड कण बसले. मग मध्यम. पाळण्यातून काहीच आवाज येत नव्हता. उठून एकदा बघावं असं तिला वाटलं, बोटही जरा हललं. मग ते तिनं दुसऱ्या मुठीत धरून ठेवलं. उजेड वर कुठंतरी हलत होता आणि तिथून कुणीतरी अगदी स्पष्ट म्हणालं, घाई नसते.