जेवणानंतर एक

भिमाजीच्या मानेवरची चरबीची गाठ दौंडच्या साधना डॉक्टरांनी काढली, तेव्हा नुसती सुरी पाहूनच त्याला घाम फुटला होता. टाके घातल्यावर बाईंनी बजावलं, "जेवणानंतर एक गोळी, सकाळ-संध्याकाळ. सगळ्या संपवायच्या. पू झाला तर परत कापावं लागेल." हे ऐकून भिमाजी असा हादरला, की बाईंचा शब्दही खाली पडू द्यायचा नाही असं त्यानं तिथंच ठरवलं.

वरवंडला घरी आल्यावर त्याच्या बायकोनं, धुरपदानं, जखम लवकर भरावी म्हणून त्याला सोमवार धरायला लावला. ताटभर साबुदाण्याची खिचडी हाणून त्यानं गोळीला हात घातला, तशी ती ओरडली.

"आवं, जेवल्यावर घ्यायचीय ती!"

"मग आत्ता काय केलं मी?"

"ह्यो फराळ हाय. उपासाला कुनी जेवतं व्हय?"

भिमाजीला पटलं. पोट तट्ट फुगलं होतं, पण जेवण काही झालं नव्हतं. त्यानं गोळी परत ठेवली.

बुधवारी मान ठणकू लागली. धुरपदा घाबरली आणि तिनं गुरुवारही धरायला लावला. गुरुवारी पुन्हा फराळ, म्हणून गोळी नाही. मान सुजली, मग शनिवार आला. त्यात नेमकी चतुर्थी मधे कडमडली. देवाधर्माचं इतकं करूनही मान का सुजते, हे बिचाऱ्या दोघांनाही कळेना. शेवटी टाक्यातून पू आला, तसा भिमाजी बायकोला घेऊन दौंडला गेला.

"गोळ्या एवढ्या उरल्या कशा?" बाईंनी विचारलं.

"निम्मे दिवस जेवनच झालं न्हाई, मॅडम."

"अरेरे! घरात काही अडचण आहे का?"

"छ्या! दोन-दोन ताटं खिचडी खाल्ली की."

सगळा उलगडा झाल्यावर बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, मग फराळानंतर घ्या! आणि ते उपवास आता बंद. आज नुसतं धुऊन नव्या गोळ्या देते. पुढच्या वेळी मात्र सुरी."

भिमाजीचा जीव भांड्यात पडला. घरी येऊन त्यानं पिठलं-भाकरी खाल्ली आणि गोळी काढली.

"थांबा!" धुरपदा म्हणाली. "मॅडम काय म्हनल्या? फराळानंतर."

"आगं, पन उपास बंद केल्यात त्यांनीच!"

"व्हय की." ती विचारात पडली. "मंग फराळ कवा करायचा?"

भिमाजी गोळीकडे बघत बसला. त्याला पुन्हा ती सुरी दिसू लागली. धुरपदा भांडी घासायला बाहेर गेल्याबरोबर तो उठला आणि फडताळातला डबा त्यानं हळूच उघडला. उपासाला चोरून खाणारे त्यानं पुष्कळ पाहिले होते. भरल्या पोटी, दाराकडे नजर ठेवून, राजगिऱ्याचा लाडू चोरून खाणारा मात्र तो पहिलाच असावा.

लाडू संपवून त्यानं बोटं पुसली आणि गोळी घेतली.