प्रमुख नट, मुळशी तालुका

मुळशी तालुक्यात दरवर्षी संगीत नाटकातील प्रमुख नटाला पुरस्कार दिला जातो. तो कशासाठी दिला जातो हे विचारण्याची पद्धत नाही. त्याचा उगम मात्र सूसच्या हैबतरावांच्या गळ्यात आहे.

हैबतरावांच्या शेतात उंच सोसायटी उभी राहिली होती आणि तिच्या वरच्या मजल्यावर हैबतराव राहत होते. गॅलरीतून खाली पाहिलं की आपलंच वावर पार्किंग होऊन पसरलेलं दिसे. वेळ जाता जात नसे. तरुणपणी जत्रेतल्या नाटकात त्यांना राजाचं काम कधी मिळालं नव्हतं, कारण राजाला पदं असत आणि हैबतरावांनी सूर लावला की पेटीवाला पेटी मिटून बिडी ओढायला जाई. ही बोच साठी उलटली तरी गेली नव्हती. तेव्हा त्यांनी एक पुरस्कार काढायचं ठरवलं. काढायचा आपण, मिळवायचाही आपणच.

"मग बाजारातनं ढाल आना की एक, अन् ठिवा टीव्हीवर," हैबतरावांच्या पत्नी जयाबाई म्हणाल्या. "येवढा खटाटोप कशापायी?"

"तसं न्हाई. रीतसर मिळाय पायजे."

रीतसर म्हटल्यावर बंडोपंतांना बोलावणं भागच होतं. ते एका कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले होते आणि नियमांवाचून त्यांचा जीव कासावीस होत असे. त्यांना पुरस्कार समितीचे सचिव नेमण्यात आलं.

"पहिल्याच वर्षी संस्थापकांनी पुरस्कार घेणं संकेताला धरून नाही," ते म्हणाले. "दुसऱ्या वर्षी घेतल्यास त्याला परंपरा म्हणता येईल."

त्यामुळे पहिला पुरस्कार पौडचे निवृत्त मुख्याध्यापक दादासाहेब यांना मिळाला. त्या वर्षी तालुक्यात एकच संगीत नाटक झालं होतं आणि त्यात तेच राजा होते. स्पर्धा अटीतटीची झाली, असं बंडोपंतांनी अहवालात लिहिलं.

दुसऱ्या वर्षी हैबतरावांनी मंडळ काढलं आणि स्वतः राजा झाले. पण कासारसाईच्या मंडळानंही नाटक बसवलं, आणि त्यांचा राजा होती सोनाली. धनगरवाड्यातल्या धुळाजीची ही लेक हिंजवडीत सॉफ्टवेअर तपासायची नोकरी करायची आणि संध्याकाळी गायची. एके काळी पुरुष शालू नेसून गात. हिनं मिशी लावून गायलं, आणि असं गायलं की मागच्या रांगेतले फोन आपोआप खिशात गेले. पुण्याहून परीक्षक म्हणून आलेल्या शुभांगीताईंनी तिला पुरस्कार दिला. हैबतरावांविषयी त्यांनी एवढाच शेरा मारला : "आवाज निर्भय आहे."

बंडोपंतांनी आठवड्याभरात नियमावली दुरुस्त केली. नट हा शब्द पुल्लिंगी असल्यानं स्त्रियांसाठी 'प्रमुख नटी' हा वेगळा पुरस्कार सुरू झाला. अट एकच, भूमिका स्त्रीची हवी.

"म्हंजे राजा केला तर नट न्हाई, अन् राजा केला म्हनून नटीबी न्हाई," सोनाली म्हणाली. "मग मी हाय तरी कोन?"

"तांत्रिकदृष्ट्या आपण रिक्त पद आहात," बंडोपंत म्हणाले.

यावर कासारसाईचं मंडळ मोडलं. हैबतरावांनी मोठ्या मनानं त्याला आपल्या मंडळात विलीन करून घेतलं आणि सोनालीला 'गायन मार्गदर्शक' नेमलं. ती आली. कुणाचं का असेना, नाटक व्हावं एवढंच तिला हवं होतं. तिनं हैबतरावांना सूर शिकवायचा मनापासून प्रयत्न केला. शेवटी बंडोपंतांनी दोघांची सुटका केली. गायन हे मुख्यतः मुखाचं कार्य असल्यानं मुखाची हालचाल झाली की गायन झालं असं समजण्यात यावं, असा ठराव झाला. पदं सोनालीच्या आवाजात आधीच रेकॉर्ड करून ठेवली आणि पौडच्या किशोरचा लाउडस्पीकर भाड्यानं आणला.

प्रयोग रंगला. तिसऱ्या अंकात, राजा राणीचा निरोप घेत असताना, वीज गेली. पद मध्येच तुटलं. गॅसबत्तीच्या उजेडात हैबतरावांचं तोंड मात्र हलतच राहिलं. लोक हसायला लागणार तोच विंगेतून सोनालीनं तुटलेला सूर उचलला. हैबतराव तोंड हलवायचं विसरले. इतकी वर्षं ज्या जागेसाठी तडफडलो, ती जागा ही आहे, आणि ती आपली नाही, हे त्यांना त्या मिनिटाला स्वच्छ कळलं. त्यांच्या डोळ्यांतून खरं पाणी आलं. उभ्या आयुष्यात त्यांनी केलेला तेवढाच अभिनय.

"पुरस्कार सोनालीला द्या," शुभांगीताई म्हणाल्या.

"विंगेतली व्यक्ती रंगमंचावर धरता येत नाही," बंडोपंत म्हणाले.

"मग हैबतरावांना द्या. निदान रडले तरी खरे."

"पण गायले नाहीत. निरोपाच्या पदात मुखही थांबलं."

नियमांनुसार एकच उमेदवार उरत होता : जो रंगमंचावर होता, सर्वांना दिसत होता आणि दोन अंक सुरात गायला होता. तिसऱ्या वर्षीचा प्रमुख नट पुरस्कार लाउडस्पीकरला मिळाला. त्याच्या वतीनं किशोरनं तो स्वीकारला आणि सत्काराला उत्तर म्हणून "हॅलो, हॅलो" एवढंच म्हणाला. शुभांगीताईंनी राजीनामा दिला.

"आबा, तुमचं बक्षीस लई मोठं झालंय," सोनाली हैबतरावांना म्हणाली. "त्यात आता नाटकाला जागा न्हाई ऱ्हायली. मी न्हाई येनार."

चौथ्या वर्षी नाटकच झालं नाही. पण लवासातलं सभागृह ठरलेलं होतं, पाहुणे ठरलेले होते, जेवणाला बासुंदी होती. अडचण एकट्या नाटकाची होती, आणि ती बंडोपंतांनी सोडवली. नाटक झालं नसेल, तर ते न होण्यात ज्याचा प्रमुख वाटा असेल, तो प्रमुख नट. परीक्षक नव्हते, म्हणून निवड एकमतानं झाली.

हैबतरावांच्या हातात ढाल आली. सभागृह उठून उभं राहिलं, टाळ्या थांबेनात. "नाटक कुठलं हो?" असं कुणीतरी विचारलं, तर शेजारच्यानं त्याला खाली बसवलं; बासुंदी निवत होती म्हणे.

घरी येताना गाडीत हैबतराव म्हणाले, "बंडोपंत, फुडच्या साली खरं नाटक करू. पोरगीला राजा करू. मी आपला म्होरं बसून ऐकतो."

"हरकत नाही," बंडोपंत म्हणाले. "फक्त आपला पुरस्कार नाटक न होण्याबद्दल आहे. नाटक झालं, की तो परत करावा लागेल."

धरणाचं पाणी मागं पडलं. हैबतरावांनी ढाल पोटाशी धरली.

"ऱ्हाऊ द्या मंग," ते म्हणाले.

तेव्हापासून तालुक्यात एकही संगीत नाटक झालेलं नाही आणि पुरस्कार वाढत चालले आहेत. यंदा समितीनं 'प्रमुख रसिक' हा नवा पुरस्कार जाहीर केला आहे. नाटकं बघायला न जाता संगीत रंगभूमी संपली म्हणून जो सर्वांत जास्त हळहळला, त्याला तो मिळेल. वाचकहो, आपलं नाव समितीनं परस्परच यादीत घातलं आहे. हरकत असल्यास शेवटचं संगीत नाटक कुठं पाहिलंत, तेवढं कळवावं. नाही आठवलं तरी अवश्य यावं, जेवण आहे.