पार्किंग कमिटीचा ॲम्प्लिफायर

“पार्किंग माझ्यावर सोडा आणि तुम्ही निवांत मोदक खा!” मोरेश्वरकाकांनी मंडळाच्या मीटिंगमध्ये जाहीर केलं, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. काकांना वाटलं, जन्मभर वीज कंपनीत इंजिनिअर होतो, त्याचा हा मान! खरं कारण वेगळंच होतं. पार्किंगसाठी त्यांचं नाव सुचवलं होतं त्यांच्याच बायकोने. अमेरिकेतल्या पार्सिपनी गावच्या गणपतीत यंदा सुवर्णाकाकू गाणार होत्या. संसारात मागे पडलेलं गाणं कित्येक वर्षांनी लोकांसमोर येणार होतं, आणि काकूंची अट एकच होती. नवरा हॉलमध्ये नको!

“तुम्ही समोर बसलात की तोंड वाकडं करता,” काकू म्हणायच्या. “मग माझा सूर हलतो. या वेळी काही बिघडलं ना, तर मी पुन्हा तंबोऱ्याला हात लावणार नाही. सांगून ठेवते!”

काका मग गुपचूप गॅरेजमध्ये जाऊन बसत.

तर, पार्किंग. कार्यक्रम हायस्कूलच्या हॉलमध्ये होता. तिथला पार्किंग लॉट भरला की उरलेल्या गाड्या लांबच्या चर्चच्या लॉटमध्ये पाठवायच्या होत्या. तिथे उभा राहणार होता देवदत्त, मूळचा नागपूरचा, आयटीवाला, दोन पोरांचा बाप. त्या भागात सेलफोनला रेंज मिळेना. मग काकांनी माळ्यावरून आपला जुना सीबी रेडिओ काढला. हायवेवर ट्रकवाले एकमेकांशी बोलतात ना, तोच! दुसरा देवदत्तसाठी फ्ली मार्केटच्या जुन्या बाजारातून आणला आणि आवाज लांब जावा म्हणून सोबत एक ॲम्प्लिफायरही उचलला. चांगला पोळपाटाएवढा!

“काका, हा लीगल आहे का?” देवदत्तने विचारलं.

“आपण गाड्या लावतोय रे, दरोडा नाही घालत!”

“पण तो रेडिओशी मॅच करावा लागतो म्हणे. आधी रेडिओची पॉवर कमी करायची, मग हा जोडायचा. नाहीतर आपला आवाज आजूबाजूच्या स्पीकरांमध्ये घुसतो यार काका.”

“पॉवर कमी करायची? अरे, वाढवायलाच तर आणलाय! मी दोघांची पत्रिका बघितलीय. छत्तीसच्या छत्तीस गुण जुळतात!”

कार्यक्रमाच्या दुपारी काकांनी आपली कॅमरी गाडी हॉलच्या मागच्या भिंतीला अगदी खेटून लावली, गाडीतल्या रेडिओला ॲम्प्लिफायर जोडून पॉवर फुल ठेवली आणि कामाला लागले.

आत मंडळाचे अध्यक्ष श्रीरंग सबनीस भाषणाला उभे होते. मंडळाच्या स्थापनेपासून निघालेले, अजून पहिल्या अध्यक्षांपर्यंतच पोचले होते. एवढ्यात स्टेजवरचे दोन्ही स्पीकर कडाडले, “मागे घ्या, मागे! अजून मागे! बस्स! आता बंद करा आणि उतरा खाली!”

श्रीरंगराव दचकून खरोखरच मागे सरकले, समईपाशी थांबले आणि भाषण तिथेच बंद करून खाली उतरले. हॉलने टाळ्यांचा कडकडाट केला. साउंडवाल्याला वाटलं, कुणीतरी चावटपणा केला. त्याने बिचाऱ्याने सगळ्या वायरी तपासल्या.

बाहेर काका माइकचं बटण दाबलेलंच ठेवून एका गाडीवाल्याला जागा दाखवत होते; त्यांना कशाचाच पत्ता नव्हता. लॉट भरला, रस्ता शांत झाला, आणि काकूंच्या गाण्याची वेळ झाली. मग मात्र काकांचा धीर सुटला. गाडीत बसून त्यांनी माइकचं बटण दाबलं.

“देवदत्त, सुरू झालं असेल रे! आणि मी इथे पार्किंगमध्ये!”

आत काकूंनी भीमपलासचा पहिला सूर लावला होता. त्यांचा नवरा दोन्ही स्पीकरांतून स्वच्छ ऐकू आला. तबलजीचा हात हवेतच राहिला.

देवदत्तला काहीतरी बोलायचं होतं, पण काकांनी बटण सोडलं तर ना! ते दाबलेलं असेपर्यंत समोरच्याची मुस्कटदाबीच.

“तुला म्हणून सांगतो, कुणाला बोलू नकोस. महिनाभर मी गॅरेजमध्ये बसलो, ते काय रेडिओसाठी? छे! भिंतीपलीकडे ती रियाज करते. कान लावून ऐकतो रोज! म्हणते, तुम्ही तोंड वाकडं करता. अरे, तिचा सूर लागला की रडू येतं मला! ते आवरताना तोंड तसं होतं. आता हे तिला कुठल्या तोंडाने सांगू? आणि मागच्या वर्षी मीनाक्षीवहिनी गायल्या, तेव्हा कसा सरळ चेहऱ्याने बसलो होतो! झोपच लागली होती ना!”

पहिल्या रांगेत बसलेल्या मीनाक्षीवहिनी म्हणजे अध्यक्षांच्या सौभाग्यवती!

तेवढ्यात गाडीच्या काचेवर धाडधाड थापा पडल्या. काकांची लेक रुचा धापा टाकत उभी होती. “बाबा, स्टॉप! एव्हरीबडी कॅन हिअर यू!”

काकांच्या हातून माइक गळून पडला. संपलं! आपणच तिचं गाणं घालवलं, या एकाच विचाराने ते धावत हॉलच्या दारापर्यंत गेले आणि तिथेच थिजले. सगळा हॉल वळून त्यांच्याकडे बघत होता. स्टेजवर काकूंनी पदराने डोळे टिपले.

“या,” त्या माइकवरून म्हणाल्या. “पुढे येऊन बसा. आणि होऊ दे तोंड वाकडं!”

मग काकू जे गायल्या! काकांनी इतकं वेडंवाकडं तोंड केलं की शेजारच्यांनी न मागता नॅपकिन पुढे केले.

कार्यक्रम संपवून दोघं गाडीतून घरी निघाले.

“सगळ्या संसारात एकदाच कौतुक केलंत,” काकू म्हणाल्या, “तेही देवदत्तपाशी!”

“चुकलंच. उद्याच काढून टाकतो तो ॲम्प्लिफायर.”

“ते काढालच. मीनाक्षीची माफी मागितलीत ना?”

“मागितली.”

“मग? काय म्हणाली?”

“पुढच्या वर्षी त्यांचं दीड तास गाणं आहे. मला पहिल्या रांगेतली मधली खुर्ची राखून ठेवलीय. आणि तोंड वाकडं झालेलं त्यांना स्टेजवरून दिसलं पाहिजे म्हणाल्या.”

काकूंना हसू आवरेना. “काळजी करू नका,” त्या म्हणाल्या, “डब्यात कांदा चिरून देईन.”